अमेरिकेतल्या कापूस काउंटीत सबसिडीचा पैसा नेमका कोणाच्या खात्यात जातो

प्रश्न थोडक्यात असा होता: यवतमाळकडचे एक भाऊ, घरचं ४ एकर आणि मक्त्यानं म्हणजे भाड्यानं घेतलेलं ६ एकर वावर करतात, कापूस-तूर. त्यांना व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला की अमेरिकेत एकेका शेतकऱ्याला सरकार वर्षाला लाखो रुपये देतं, एकेका काउंटीत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा समजा) कोट्यवधी डॉलर जातात, आणि आपल्याला पीएम किसानचे ६ हजार. हे खरं आहे का, पैसे कसे मिळतात, आणि मक्त्यानं करणाऱ्याला तिकडे मिळतात का.

भाऊ, मी मूळचा वर्धा जिल्ह्यातला, वडिलांची कोरडवाहू शेती होती. गेली सतरा वर्षं पश्चिम टेक्सासमध्ये लबक शहराच्या खालच्या पट्ट्यात शेतकऱ्यांचे हिशेब आणि टॅक्स रिटर्न करतो, लहान गाव आहे, कापसाची सरकी काढणारं एक जिन, एक बँक, एक किराणा, बाकी नजर जाईल तिथपर्यंत कपाशी. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, उत्तर लांब होईल पण नीट सांगतो.

काउंटीत कोट्यवधी डॉलर जातात हे खरं आहे. "प्रत्येक शेतकऱ्याला" हे मात्र साफ चुकीचं आहे. तो सरासरीचा आकडा असतो, एकूण रक्कम भागिले शेतकरी, आणि असा भागाकार केला की कोणाला काय मिळालं ते कळतच नाही. अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त फार्मना सरकारकडून एक डॉलरही येत नाही. कापूस, मका, सोयाबीन, गहू, भुईमूग, धान, ज्वारी अशी वीसबावीस पिकं कायद्यात लिहिलेली आहेत, नेहमीचा भावाचा पैसा त्यांच्यापुरताच. भाजीपाला करणारा, फळबागवाला, चार गाई ठेवणारा, हे त्यात जवळपास नाहीतच. आणि ज्यांना मिळतो त्यांच्यातही एकरावर मिळतो म्हणजे ज्याचे एकर जास्त त्याला जास्त, साधी गोष्ट आहे. २०२२ च्या इथल्या शेती गणनेत सरासरी फार्म ४६३ एकरांचा निघाला, आमच्या पट्ट्यात ३-४ हजार एकर करणारा माणूस म्हणजे मोठा शेतकरी नव्हे, नेहमीचा शेतकरी. आपल्याकडे महाराष्ट्रात सरासरी खातं सव्वातीन एकर. तेव्हा दोन देशांची "दर शेतकरी" तुलना कराल तर काहीच हाती लागत नाही.

आता पैसा कसा येतो ते. मुख्य योजना दोन, एक भावाची आणि एक उत्पन्नाची, इथं त्यांना पीएलसी आणि एआरसी म्हणतात, दोन्ही २०१४ च्या फार्म बिलातून, म्हणजे इथल्या शेतीच्या कायद्यातून, आल्या. कापसाला आमच्याकडे बहुतेक पीएलसीच लागते. ही म्हणजे सरळ आपली भावांतर योजना समजा. कायद्यात एक आधारभाव लिहिलेला आहे, वर्षभराचा देशाचा सरासरी बाजारभाव त्याच्या खाली गेला की फरक सरकार देतं. सरकार माल विकत घेत नाही, तुम्ही तुमचा माल कोणालाही विका, फरक खात्यात येतो. कापसाचा हा आधारभाव "सीड कॉटन"वर आहे, सीड कॉटन म्हणजे आपण ज्याला नुसतं कापूस म्हणतो तेच, सरकीसकट, कारण इथं कॉटन म्हटलं की रुई धरतात. २०२४ च्या पिकापर्यंत तो पौंडाला ३६.७ सेंट होता, ४ जुलै २०२५ ला जो मोठा कायदा सही झाला त्यात तो ४२ सेंट केला.

हा ४२ सेंटचा आकडा मी एकदा सहज क्विंटलमध्ये काढून बघितला. क्विंटलला २२० पौंड धरले तर साडेब्याण्णव डॉलरच्या आसपास, म्हणजे रुपयात ८ हजारांच्या थोडं वर. आणि आपल्याकडे २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११०. बघा, कागदावरचा भाव जवळपास एकच आहे! हिशेबाची पद्धत अगदी तंतोतंत सारखी नाही, पण अंदाजासाठी पुरे. मला हे बघून धक्काच बसला होता, कारण मीही इतकी वर्षं समजत होतो की इथल्या शेतकऱ्याला भावच आपल्या दुप्पट धरून देतात. तसं नाही. फरक भावात नाहीये, फरक आहे तो भाव शेतकऱ्यापर्यंत पोचायच्या रस्त्यात. तुम्हाला तो भाव हवा तर सीसीआयच्या म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर गाडी न्यावी लागते, ओलावा ८ ते १२ टक्क्यांत बसावा लागतो, आता कपास किसान ॲपवर नोंदणी आणि स्लॉट, आणि तोवर ज्याच्या घरात लग्न आहे किंवा ज्याला कृषी केंद्रवाल्याची उधारी फेडायची आहे तो गावातच खेडा खरेदीवाल्याला हजार रुपये कमी घेऊन देऊन मोकळा होतो. इथल्या शेतकऱ्याला त्या फरकासाठी माल घेऊन कुठं जावं लागत नाही. त्यानं कापूस पेरला नसला तरी फरक मिळतो.

हो, पेरला नसला तरी. हा भाग लोकांना पटत नाही म्हणून इथं जरा थांबतो, कारण सगळी मेख इथंच आहे.

पैसा मिळतो तो पिकावर नाही, "बेस एकर"वर. बेस एकर म्हणजे त्या जमिनीवर पूर्वी कधी काळी अमुक पीक किती एकर होतं त्याची सरकारदरबारी असलेली नोंद. ही नोंद जुनी असते, अधूनमधून कायद्यानं बदलायची संधी देतात, २००२ ला दिली, २०१४ ला दिली, आणि २०२५ च्या कायद्यानं देशभरात ३ कोटी एकरांपर्यंत नवीन बेस द्यायचं ठरवलं. एकदा नोंद झाली की ती जमिनीला चिकटते. तुम्ही जमीन विकली की बेस नव्या मालकाकडे जातो. कापसाच्या बेसवर यंदा ज्वारी पेरली तरी कापसाचा फरक मिळेल, जमीन शेतीखाली ठेवली आणि काहीच पेरलं नाही तरी मिळेल. उलट शेजारच्या माणसानं यंदा ५०० एकर कापूस पेरला आणि त्याच्या जमिनीला बेसच नसेल तर त्याला शून्य. उत्पादनही यंदाचं धरत नाहीत, त्या जमिनीच्या नावे एक ठरलेला उतारा लिहिलेला असतो, तोच.

नमुन्यादाखल हिशेब करू. धरा एकाकडे कापसाचा १,००० एकर बेस आहे, नोंदलेला उतारा एकरी १,००० पौंड सीड कॉटन, आणि वर्षाचा सरासरी भाव ३६ सेंट निघाला. फरक ६ सेंट. पण पैसे १,००० एकरांवर नाही, ८५ टक्क्यांवर देतात, म्हणजे ८५० एकर. ८५० गुणिले १,००० गुणिले ६ सेंट, झाले ५१,००० डॉलर. त्यातून केंद्राच्या खर्चकपातीच्या कायद्यानं ५.७ टक्के कापतात, हातात ४८ हजारांच्या आसपास. आणि ते कधी? पीक २०२५ चं, पैसे ऑक्टोबर २०२६ नंतर. कारण वर्षभराचा सरासरी भाव ठरल्याशिवाय फरक निघतच नाही. रुपयात ही रक्कम चाळीस लाखांच्या वर जाते आणि मेसेजमध्ये तोच आकडा फिरतो, पण एकरी बघाल तर ४८ डॉलर. आमच्याकडे कापूस काढायचं नवं मशीन मिलियन डॉलरच्या घरात आहे, बियाणं, तणनाशक, डिझेल वेगळं. माझ्या टेबलावर ज्यांच्या फायली येतात त्यांच्यातल्या निम्म्या लोकांचा हा पैसा त्यांच्या हातात येतच नाही, बँकेनं पेरणीच्या कर्जाच्या वेळीच लिहून घेतलेलं असतं की सरकारी पैसा थेट बँकेला जाईल. तसा फॉर्म आहे आणि ते कायदेशीर आहे. ऑक्टोबरात मी शेतकऱ्याला फोन करून सांगतो की तुमचे पैसे आले, आणि तो विचारतो कर्जातून किती कमी झाले.

मर्यादा आहे का? आहे. एका माणसाला वर्षाला १,२५,००० डॉलर होती, २०२५ च्या कायद्यानं १,५५,००० केली आणि ती आता महागाईनुसार वाढत जाणार. भुईमुगाची मर्यादा वेगळी, म्हणून आमच्या पट्ट्यात कापूस आणि भुईमूग दोन्हीचा बेस असलेला माणूस दोन मर्यादा वापरू शकतो. तीन वर्षांची सरासरी कमाई ९ लाख डॉलरच्या वर असेल तर अपात्र. आता "एका माणसाला" म्हणजे काय इथं खरा खेळ आहे. नवराबायको दोघं शेतीत असतील तर दोन मर्यादा. भागीदारी फर्म असेल तर जितके भागीदार तितक्या मर्यादा. २०१८ च्या कायद्यानं घरचे म्हणून चुलत-मामे भावंडं आणि पुतणे-भाचेही धरले. अट अशी की प्रत्येकानं शेतीत काम किंवा व्यवस्थापन करायला हवं. काम डोळ्याला दिसतं, व्यवस्थापन कागदावर दिसतं. आणि २०२५ पासून एलएलसी कंपन्यांनाही भागीदारीसारखंच धरायला लागले, म्हणजे कंपनीला एक मर्यादा न लावता आत जितके पात्र सदस्य तितक्या. हे सगळं कायद्यात बसतं, मी स्वतः अशी कागदपत्रं भरतो, तो माझा धंदा आहे, आणि खरं सांगतो की चांगला वकील आणि चांगला हिशेबनीस परवडणाऱ्या घराला ही मर्यादा फारशी अडवत नाही. एकट्यानं ६०० एकर करणाऱ्या माणसाला ती मर्यादा लागायची वेळच येत नाही, त्याचा प्रश्न वेगळा आहे, त्याच्याकडे बेस कमी आणि कागद अपुरे.

कागद म्हणजे काय काय ते सांगतो म्हणजे तुम्हाला आपल्याशी जुळवून बघता येईल. प्रत्येक काउंटीत किंवा दोनतीन काउंट्या मिळून फार्म सर्व्हिस एजन्सीचं ऑफिस असतं, आपल्या तालुका कृषी कार्यालयासारखं पण पैशाचा अधिकार जास्त. तिथं दरवर्षी पेऱ्याची नोंद करायची, कोणत्या तुकड्यात काय पेरलं, किती एकर, केव्हा, आमच्याकडे उन्हाळी पेऱ्याची तारीख १५ जुलै. ही आपली ई-पीक पाहणीच. तारीख चुकली की भुर्दंड. मग ओलसर जमीन आणि धूप होणाऱ्या जमिनीचे नियम पाळतो असं प्रतिज्ञापत्र, कमाईचं प्रतिज्ञापत्र, शेतीत कोण काय करतं त्याचा आराखडा, जमीन कोणाची आणि कोणत्या अटीवर करतो त्याचा पुरावा. यातला एक कागद नसला की पैसा अडकतो. आणि या ऑफिसवर देखरेख करायला शेतकऱ्यांनी मतदान करून निवडलेली काउंटी कमिटी असते, ३ ते ११ जण, मुदत ३ वर्षांची.

ही निवडलेली कमिटी ऐकायला छान वाटते, आणि अनेक ठिकाणी छान चालतेही. पण इतिहास बघा. या सगळ्याची सुरुवात १९३३ साली झाली, मंदीत भाव पडले होते म्हणून रूझवेल्ट सरकारनं कायदा केला की पेरा कमी करा, आम्ही पैसे देतो. त्या पहिल्या उन्हाळ्यात उभी कपाशी सुमारे १ कोटी एकरांवर नांगरून टाकली. पैसे कोणाला गेले? मालकाला. बटईदाराला, म्हणजे वाट्यानं कसणाऱ्याला, त्यातला वाटा मालकानं द्यायचा होता. पुष्कळ ठिकाणी मालकानं तो दिला नाही, आणि पेरा कमी केला म्हणून बटईदाराची गरजच राहिली नाही तेव्हा त्याला घरासकट काढून टाकलं. दक्षिणेत हजारो कुटुंबं अशी रस्त्यावर आली, काळी जास्त, गोरीही. त्यातूनच जुलै १९३४ मध्ये आर्कान्सामधल्या टायरोंझा गावी बटईदारांची संघटना उभी राहिली, सदर्न टेनंट फार्मर्स युनियन, आणि त्या काळात तिथं काळे-गोरे एकाच संघटनेत बसले ही फार मोठी गोष्ट होती. पुढं कित्येक दशकं या काउंटी कमिट्यांवर गोरे जमीनमालकच निवडून येत राहिले आणि काळ्या शेतकऱ्यांचे कर्जाचे, मदतीचे अर्ज अडवले जात राहिले. त्यावर शेवटी पिगफर्ड नावाचा मोठा दावा झाला, १९९९ साली कृषी खात्याला तडजोड करून भरपाई द्यावी लागली, आणि राहिलेल्यांसाठी २०१० मध्ये आणखी १२५ कोटी डॉलरची तडजोड झाली. तोवर बहुतेकांच्या जमिनी गेल्या होत्या.

मी हे मुद्दाम सांगतोय, कारण तुम्ही मक्त्याचं विचारलंत. माझं म्हणणं एवढंच की सबसिडी कष्टामागे जात नाही, कागदामागे जाते. तिकडेही आणि इकडेही. फक्त कागदावर कोणाचं नाव लिहायचं ते दोन देशांनी वेगवेगळं ठरवलंय.

आज अमेरिकेत नियम असा आहे की जमीन रोख भाड्यानं घेतली असेल तर सरकारी पैसा कसणाऱ्याचा, मालकाचा नाही, कारण जोखीम कसणारा घेतो. वाट्यानं केली असेल, म्हणजे आपल्या बटईसारखी, तर पिकाच्या वाट्याच्या प्रमाणात दोघांना. आमच्याकडे कापसात मालकाचा चौथा हिस्सा ही जुनी रीत आहे, तेव्हा सरकारी पैशातही चौथा हिस्सा मालकाचा. १९३४ मध्ये जे झालं ते टाळायला कायदा सुधारला, आणि कागदावर तरी कसणारा माणूस आहे. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: हो, तिकडे मक्त्यानं करणाऱ्याला मिळतं.

पण हातात किती राहतं ते बघा. जमीन मालकालाही माहीत असतं की या वावराला बेस आहे आणि यंदा एकरी अमुक पैसे येणार. करार बहुधा वर्षा-दोन वर्षांचा असतो. जुलै २०२५ ला आधारभाव वाढला आणि त्याच हिवाळ्यात माझ्या दोन अशिलांना मालकाकडून भाडं वाढवायचा निरोप आला, एक मालक तर डॅलसला राहतो, वावर त्यानं दहा वर्षांत पाहिलेलं नाही. कसणारा नाही म्हणाला तर शेजारी घ्यायला तयारच असतो, कारण त्याच्याकडे मशीन मोठं आहे आणि त्याला एकर हवेत. म्हणजे नियमानं पैसा कसणाऱ्याला, आणि भाड्याच्या रूपानं पुन्हा मालकाला. जमीन विकायला काढली की जाहिरातीत बेस एकर किती ते लिहितात, आणि भाव त्यावरही ठरतो. तरुण पोराला नव्यानं शेतीत यायचं तर आधी हा फुगलेला भाव मोजावा लागतो, मग सबसिडी मिळते. २०२२ च्या गणनेत इथल्या शेतकऱ्याचं सरासरी वय ५८ च्या वर निघालं त्याला कारणं बरीच आहेत, पण मला रोज दिसतं ते एक कारण हे आहे.

पीकविम्याबद्दल बोललो नाही तर उत्तर अर्धंच राहील, कारण आमच्या पट्ट्यात शेतकऱ्याला जगवतो तो विमा. भावाचा फरक वर्षादोनवर्षांनी येतो, विमा त्याच हंगामात. २०२२ साली टेक्सासमध्ये असा दुष्काळ पडला की पेरलेल्या कपाशीतली निम्म्याहून जास्त काढणीला आलीच नाही. कोरडवाहू कपाशी कित्येक ठिकाणी उगवलीच नाही, आणि जी उगवली ती वाऱ्यानं आणि वाळूनं कापून नेली, मी स्वतः एका अशिलाबरोबर वावरात उभा होतो, ओळीत दहा फुटांत दोन रोपं. विमा कंपनीचा माणूस आला, त्यानं तुकड्यातुकड्यात रोपं मोजली, नोंद केली, वावर मोडायची परवानगी दिली. भरपाई काही आठवड्यांत आली. ती त्याच्या स्वतःच्या गेल्या दहा वर्षांपर्यंतच्या उताऱ्यावर काढतात, मंडळाच्या किंवा महसुली सर्कलच्या सरासरीवर नाही. हा फरक फार मोठा आहे, आपल्याकडे सर्कलमध्ये पाऊस पडला की तुमचं वावर कोरडं राहिलं तरी तुम्ही गेलात. हप्त्याचा सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास भाग केंद्र सरकार भरतं, कंपन्यांच्या कारभाराचा खर्चही सरकार देतं. आणि विम्याच्या या सबसिडीला माणशी मर्यादाच नाही. वर सांगितलेली दीड लाखाची मर्यादा, ९ लाखांची कमाईची अट, काहीही विम्याला लागू नाही. शिवाय भावाच्या योजनेत कोणाला किती मिळाले ती नावं लोकांना बघायला मिळतात, विम्यात कोणाला किती ते जाहीर होत नाही. म्हणजे तुम्ही काउंटीची यादी बघाल तेव्हा ती अर्धीच यादी असते हे लक्षात ठेवा.

तिसरा प्रकार म्हणजे अधूनमधून येणारे खास पैसे. २०१८ ला चीनशी आयातकराचं भांडण झालं, चीननं सोयाबीन घेणं कमी केलं, तेव्हा दोन वर्षांत सुमारे २,३०० कोटी डॉलर शेतकऱ्यांना वाटले. २०१९ चं वाटप तर काउंटीनिहाय होतं, एकरी १५ ते १५० डॉलर, प्रत्येक काउंटीचा दर वेगळा. रस्त्याच्या अलीकडच्या वावराला एक दर, पलीकडच्याला दुसरा, पीक तेच, पाऊस तोच. त्या वर्षी लोक ऑफिसात येऊन मला विचारायचे की माझ्यात आणि माझ्या भावात फरक काय, आणि मी फॉर्म्युला समजावून सांगायचो, पण समजावता समजावता मलाच ते पटत नव्हतं. मग २०२० ला कोविडचे, आणि डिसेंबर २०२५ ला पुन्हा १,२०० कोटी डॉलरची घोषणा झाली. आता बँकाही कर्ज देताना हे पैसे येणारच असं मनात धरून चालतात, हे मला धोक्याचं वाटतं.

इथल्या कापसाचा आणि आपला थेट संबंध काय, तेही तुम्ही ओघात विचारलं होतं. आहे. अमेरिका स्वतःच्या रुईचा बहुतेक भाग निर्यात करते, त्यामुळे इथं भाव पडला तरी पेरा टिकून राहतो तेव्हा त्याचा दाब जगाच्या भावावर येतो आणि तो विदर्भाच्या जिनिंगपर्यंत पोचतो. यावर ब्राझीलनं २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत केस केली आणि जिंकली. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी २००३ मध्ये कॅनकूनच्या बैठकीत हाच प्रश्न मांडला. अमेरिकेनं शेवटी २०१४ मध्ये ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन केस मिटवली आणि त्याच वर्षीच्या फार्म बिलात कापूस भावाच्या योजनेतून बाहेर काढला. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये बजेटच्या कायद्यातून तो परत आत आला, यावेळी "सीड कॉटन" या नावानं. आफ्रिकेतल्या त्या शेतकऱ्यांना, किंवा आपल्याला, त्या ३० कोटींतलं काही मिळालं नाही. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतानं कापसावरचा ११ टक्के आयातकर काही महिन्यांसाठी काढला तेव्हा ज्या गाठी स्वस्तात आत आल्या त्यांच्यात आमच्या या पट्ट्यातल्याही असणार. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, दोन्हीकडची माणसं माझीच आहेत. माझ्या अशिलाला ४२ सेंटचा आधार आहे म्हणून तो टिकतो, आणि त्याच्या टिकण्याचा भार माझ्या गावातल्या चुलत्यावर येतो. दोघंही दुसऱ्याचं वाईट चिंतत नाहीत.

आता तुमच्याबद्दल. पीएम किसान जमिनीच्या नावावर आहे, १ फेब्रुवारी २०१९ ला ज्याच्या नावे शेती होती त्याला (नंतर वारसानं नाव लागलं असेल तर ते वेगळं), आणि २०२३ पासूनची नमो शेतकरी त्याच यादीवर. तुमच्या घरच्या ४ एकरांवर तुम्हाला मिळतं तेच, ६ एकर मक्त्याचं त्यात येणार नाही, मालक पात्र असेल तर ते त्याच्या खात्यात जातं आणि त्याबद्दल तुम्हाला कुठं तक्रारही करता येत नाही. खरीप २०२३ चं कापूस-सोयाबीनचं हेक्टरी ५ हजारांचं अर्थसहाय्य आठवत असेल, २ हेक्टरपर्यंत होतं, ई-पीक पाहणीच्या नोंदीवर, पण तेही खातेदाराच्या नावानं. म्हणजे पीक तुमचं, घाम तुमचा, फवारणीची उधारी तुमची, आणि सातबारा दुसऱ्याचा. इथल्या कायद्यातली कुठली एक गोष्ट उचलून आपल्याकडे न्यायची असं मला कोणी विचारलं तर मी भाव नाही सांगणार, मी हा नियम सांगेन की जोखीम ज्याची त्याच्या नावे पैसा. भाडं वाढेल, काही भाग मालक काढून घेईल, ते मी वर सांगितलंच, तरी सुद्धा. कारण दुष्काळाच्या वर्षी भाडं वाढत नाही, आणि त्या वर्षी तरी पैसा ज्याचं बियाणं मातीत गेलं त्याच्या हातात पडतो.

तोवर तुमच्या हातात जे आहे ते करा. मालकाशी तोंडी बोलण्यावर राहू नका. पीकविमा मक्त्यानं करणाऱ्यालाही काढता येतो, पण त्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो, साध्या स्टँपवरचा चालत नाही. मालक करार करायला घाबरतात, कुळाचं नाव लागेल म्हणून, ही भीती खरी आहे आणि जुनी आहे, तेव्हा ११ महिन्यांचा किंवा एका हंगामाचा करार करा, त्यात स्पष्ट लिहा की कुळहक्क मागणार नाही, आणि तालुक्यातल्या वकिलाकडून एकदा वाचून घ्या, हजारपाचशे गेले तरी चालेल. विमा आणि नुकसानभरपाई आली तर कोणाची, तेही त्याच करारात एका ओळीत लिहून घ्या. घरच्या ४ एकरांचा फार्मर आयडी काढला नसेल तर आधी तो काढा, २०२५ पासून कृषीच्या योजनांना तो लागतोच. आणि ६ एकरांचा प्रत्येक खर्च, बियाण्याची पिशवी, खताची पावती, मजुरी, वहीत तारखेसकट लिहा. माझ्याकडे येणारा एक म्हातारा शेतकरी चाळीस वर्षांच्या पावत्या बुटांच्या खोक्यांत घालून आणायचा, २०२२ ला त्याची भरपाई पटकन निघाली ती त्याच खोक्यांमुळे, त्याच्या शेजाऱ्याला उताऱ्याचा पुरावा नव्हता म्हणून सरकारी ठरीव कमी उतारा धरला आणि त्याला बरंच कमी मिळालं. मक्त्याच्या कराराचा मसुदा तयार झाला की इथं टाका, नावं खोडून, मी भाषा बघून देईन.